चढावरचं औषधाचं दुकान

पुष्करला शाळेसाठी सकाळी उठवणं म्हणजे त्याच्या आईची, मुक्ताची, रोजची लढाई. पांघरूण ओढा, खिडक्या सताड उघडा, ओरडून घसा बसवा. हा पठ्ठ्या कूस बदलून पुन्हा घोरायला मोकळा. चोविसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा जर्मनीतल्या आखन शहरामधल्या मराठी मंडळींना तिने "झोपेतच हार्ट बंद पडलं" असं सांगून टाकलं. कुणी खोदून विचारलं नाही, म्हणून तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

खरं कारण हेरॉइन होतं. दोन वर्षांपूर्वी त्यातून सुटण्यासाठी डॉक्टरांनी त्याला मेथाडोन सुरू केलं. ते औषध दुकानात जाऊन फार्मासिस्टच्या डोळ्यांदेखत प्यायचं असतं. मुक्ताने एकच अट घातली होती.

"आपल्या भागात नको रे बाबा. तिथे निम्मे आपलेच लोक येतात."

"गेनाऊ," म्हणजे 'बरोबर', एवढंच जर्मनमध्ये म्हणून त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाचं दुकान निवडलं. मुक्ता लॅबच्या शिफ्टला सहालाच बाहेर पडायची. तो उठतो का, जातो का, हे तिने ना पाहिलं, ना विचारलं. जात नसणारच, असं तिने धरून ठेवलं होतं. अखेर तो गेला तोही हेरॉइननेच. म्हणजे पोराने साधा प्रयत्नही केला नाही की काय, या एका विचाराने महिनाभर तिचा जीव पोखरला होता.

मग त्या दुकानातून फोन आला. पुष्करचं सायकलचं हेल्मेट तिथे राहिलं होतं.

बुशोफला, म्हणजे मुख्य बसस्थानकावर, बस बदलून ती निघाली. बस चढ चढायला लागली ती थांबेचना. बेल्जियमची हद्द जवळ आली तरी चढ आपला चालूच. या चढावर सायकल मारायची म्हणजे काय गंमत आहे का!

फ्राउ यान्सेन या म्हाताऱ्या फार्मासिस्टने हेल्मेट काउंटरवर ठेवलं. मुक्ताने मान खाली घालून विचारलं, "तो कधीमधी तरी यायचा का?"

"कधीमधी?" बाई चक्रावल्या. "सोमवार ते शनिवार, बरोबर आठ वाजता. रविवारची बाटली शनिवारी घरी न्यायचा. दोन वर्षांत एकही खाडा नाही. बर्फात बसही बंद होत्या, तेव्हा सायकल ढकलत आला. माझ्या आधी दारात उभा!"

मुक्ताने मनात हिशेब मांडला. नऊ किलोमीटर. म्हणजे सातला घराबाहेर, साडेसहाला जागा. ज्याला आपण जन्मभर आळशी म्हटलं, तो कुणीही न उठवता दोन वर्षं रोज हा डोंगर चढत होता. एका संध्याकाळी हरला, पण त्याआधी किती सकाळी जिंकला! आपल्या पोटी असलं काही जन्मलं होतं, याने ती दिपून गेली.

तेवढ्यात दार वाजलं. मराठी मंडळातली अपूर्वा आत आली. "काकू? तुम्ही इथे कुठे? मी लेकीसाठी तापाचं औषध न्यायला आले."

सर्दीचं निमित्त मुक्ताच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललं, तर पोराची ती दोन वर्षं आपणच पुसून टाकू, असं तिला वाटलं. तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "माझा पुष्कर हेरॉइनने गेला. ते सुटावं म्हणून दोन वर्षं तो रोज इथे यायचा. रोज."

अपूर्वाने तिचा हात धरला. "माहीत आहे, काकू. मागच्याच गल्लीत राहते ना मी. इथे वर आपली चार घरं आहेत, सगळ्यांना तो इथे औषध पिताना दिसायचा."

"मग कुणी कधी बोललं कसं नाही?"

"त्यानेच शपथ घातली होती. म्हणाला, कुणाला कळलेलं नाही, एवढाच माझ्या आईला आधार आहे. तुम्हाला कळलंय, हे तिला कळू देऊ नका."