उलट हिशेब

“मॅडम, एवढा आकडा मागे नेऊन द्या, म्हणजे मी सुटलो,” खुर्चीत टेकता टेकता फौजदार म्हणाले.

अपघात करून पळालेल्या गाडीवाल्याचं ते रक्त तिनंच तपासलं होतं. कुपीवर नुसता क्रमांक. नाव प्रयोगशाळेपर्यंत येत नसे. रक्त घेतलं तेव्हा त्यात दारू किती होती ते कळलं होतं. गाडी धडकली तेव्हा किती असेल, ते उलट मोजायचं होतं. शरीर दारू हळूहळू जाळत जातं. जळालेली परत मिळवत मागे जायचं.

“शेवटचा घोट कधी? पोटात काय होतं? वजन किती?” याशिवाय ती पेन उचलत नसे. घरी आलेल्या पाहुण्यालाही बाई आधी हेच विचारतील, अशी सहकारी तिची चेष्टा करत.

फौजदार हसले. “तिन्ही उत्तरं त्यानं न विचारताच दिली, याच क्रमानं. गाडी चालवताना थेंबही घेतला नव्हता म्हणे. घाबरून घरी पळाला आणि तिथं उपाशीपोटी अर्धी बाटली रिचवली. वर आम्हालाच शिकवतो, ‘एका आकड्यातून दोन वेळची दारू वेगळी काढता येत नाही.’”

ते वाक्य तिचं होतं.

गेल्या मंगळवारी दिवेलागणीला धाकट्या भावाचा फोन आला होता. “ताई, तुझं ते रक्ताचं काम काय असतं गं? सहज विचारतोय.” इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. ती हरखली. गॅस बंद करून, स्टुलावर बसून, लहानपणी वजाबाकी शिकवायची तसं तिनं सगळं समजावलं.

“आणि नंतर घरी येऊन प्यायला तर?”

“मग आम्ही हात टेकले रे. एका आकड्यातून दोन वेळची दारू वेगळी काढता येत नाही.”

“हुशार आहेस हं, ताई!” त्या शब्दांवर ती दोन दिवस खूश होती.

“धडक कुणाला बसली?” तिनं विचारलं.

“सायकलवरच्या शिक्षिकेला, मंगळवारी, दिवेलागणीच्या थोडं आधी. पाय काढावा लागला. आम्ही त्याच्या घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती.”

“हा माणूस फर्निचरवाला? डाव्या भुवईत खूण?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“झोपाळ्यावरून मीच पाडलं होतं त्याला.”

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“हा हिशेब आता दुसरं कुणीतरी करेल. साहेबांना मी सांगते. तुम्ही माझा जबाब घ्या. धडकेनंतर, तुम्ही त्याच्या दारात पोचण्याआधी, त्यानं मला फोन केला होता, घरी येऊन प्यायलं तर काय, हे विचारायला.”

“सख्खा भाऊ ना, मॅडम? मी काही ऐकलंच नाही असं समजा.”

“ऐकलंत. लिहा.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊच होता.

“ताई, पोलीस आले तर काही बोलू नकोस हं. तू काय, नुसतं शास्त्र सांगितलंस.”

“शेवटचा घोट कधी घेतलास?”

“अगं, तू तरी…”

“पोटात काय होतं?”

तिसरा प्रश्न तिनं विचारला नाही. कडेवर घेतल्यावर तो किती जड लागायचा, हे तिचा हात अजून विसरला नव्हता.