आठ वाजताचे पाच सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पेटी आहे. सध्या टेलिफोन कंपनीच्या अडगळीच्या खोलीत, एका मोडक्या खुर्चीखाली माझा मुक्काम आहे. तुम्ही कधी कंपनीला फोन केला असेल आणि पलीकडून "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा" असं ऐकू आलं असेल, तर ती मी, किंवा माझीच एखादी बहीण. तेव्हा तुम्ही मनातल्या मनात मला काय काय म्हणालात ते मला ठाऊक आहे. काही जण तर मोठ्यानेच म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. मी आज माझी गोष्ट सांगणार आहे खरी, पण ती छाती फुगवून सांगण्यासारखी नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी करकरीत होते. पत्र्याचं अंग, पुढे हिरवे-तांबडे दिवे आणि पोटात तारांचं जंजाळ. पण मी मुकी होते. मला वाचा दिली ती आवाजबाईंनी.

आवाजबाई कंपनीत फोन जोडून देण्याचं काम करत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. गावात त्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे सगळे. कुणाच्या घरी वाईट बातमी यायची असली की त्या आधी म्हणायच्या, "जरा बसून घ्या, मग जोडते." त्या आवाजावर लोकांचा एवढा विश्वास होता की साहेबांनी ठरवलं, पेटीला हाच आवाज द्यायचा.

दोन दिवस आम्ही एका बंद खोलीत होतो. भिंतींना गोधड्या लावल्या होत्या आणि घरघर नको म्हणून पंखाही बंद होता. आवाजबाईंनी एक ते शंभर आकडे एकेक करून म्हटले. सत्तेचाळीसला ठसका लागला, म्हणून सत्तेचाळीस दोनदा म्हणावा लागला. मग त्यांनी वाक्यं म्हटली. "मासिक आकार भरण्यासाठी तीन दाबा." "आपल्या सोयीसाठी खिडकीचा वेळ वाढवण्यात आला आहे." हे सगळं माझ्या पोटात तुकड्यातुकड्यांनी साठवलं गेलं. माझी देखभाल करणाऱ्या कारागिराला सगळे जोडारी म्हणत. तो म्हणाला, "बाई, आता हे तुकडे कसेही जोडता येतात."

"जोडा की," आवाजबाई घाम पुसत म्हणाल्या. "फक्त खोटं बोलायला लावू नका म्हणजे झालं."

तेव्हा सगळे हसले. मीही दिवे लुकलुकवले.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. रस्त्यापलीकडेच दुसऱ्या एका टेलिफोन कंपनीचं ऑफिस होतं. त्यामुळे आमच्याकडे गिऱ्हाइकाला नुसतं तळहातावर झेलत. बसायला बाक होते, प्यायला गार पाणी होतं, बिल भरायची खिडकी संध्याकाळी सातपर्यंत उघडी असायची. फोन घ्यायला सहा जणी होत्या. "आपण रांगेत दुसऱ्या क्रमांकावर आहात" असं मी म्हणेपर्यंत कुणीतरी फोन उचललेलाही असे. लोक म्हणायचे, "पेटी बोलते मात्र गोड हं." मला ते खरं वाटायचं.

मग एके दिवशी आमच्या कंपनीने पलीकडची कंपनी विकत घेतली. पेढे वाटले. त्यांची पाटी उतरली. पुढच्या महिन्यात आमच्याकडचं गार पाणी गेलं, त्याच्या पुढच्या महिन्यात बाक गेले. खिडकी चार वाजता बंद होऊ लागली. सहा जणींपैकी पाच जणींना घरी पाठवलं. आवाजबाई त्यांतच होत्या. मला मात्र ठेवलं, कारण मला पगार लागत नव्हता.

दर वाढले. लोक चिडले, पण चिडून जाणार कुठे? गावात फोन द्यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मग लोक मला फोन करायचे. "आपण रांगेत एकतिसाव्या क्रमांकावर आहात," मी म्हणायचे. एक शिंपी मला खांद्याशी धरून अख्खी बाही शिवून काढायचा. एका न्हाव्याला माझं बोलणं इतकं पाठ झालं होतं की तो माझ्या आधीच बोलायचा आणि दुकानातले लोक हसायचे. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं मी दर मिनिटाला सांगत होते. पलीकडच्या सहा खुर्च्यांपैकी पाच रिकाम्या आहेत, हे मला तिथूनच दिसत होतं. तेव्हापासून मला माझ्याच बोलण्याची लाज वाटू लागली.

दर चौथ्यांदा वाढले तेव्हा मोठ्या साहेबांनी जोडारीला बोलावलं. म्हणाले, "लोकांनी फोन करायची वाट कशाला बघायची? पेटीच सगळ्यांना फोन करून कळवेल. सकाळी आठ वाजता लावा, लोक घरी असतात."

जोडारी डोकं खाजवत उभा राहिला. "साहेब, असं वाक्य बाईंनी म्हटलेलंच नाही."

"तुकडे आहेत ना? मग जोडा."

त्याने जोडले. एका वाक्यातून "आपल्या सोयीसाठी" घेतलं, दुसऱ्यातून "मासिक आकार" घेतलं, आणि खिडकीच्या वेळेचं "वाढवण्यात आला आहे" त्याला चिकटवलं. पुढे "मान्य असल्यास एक दाबा, फोन बंद करण्यासाठी दोन दाबा" हे आलं. प्रत्येक वाक्यानंतर पाच सेकंद थांबायचं, म्हणजे समोरच्याला बटण दाबायला वेळ मिळतो. जो काहीच दाबणार नाही त्याला मान्य आहे असं धरायचं. दोन कोण दाबणार? असा साहेबांचा हिशेब होता.

दोन दाबणारं एक माणूस निघालं. ती आवाजबाईंची ताई होती.

ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहायच्या. त्यांची नजर गेली होती. त्यांच्या फोनचं बिल आवाजबाईच भरायच्या, त्यामुळे ताईंचा कंपनीशी कधी संबंध आलाच नव्हता. नंबर चाचपता यावा म्हणून आवाजबाईंनी फोनच्या मधल्या बटणावर, पाचावर, डिंकाने एक मणी चिकटवून दिला होता. रोज सकाळी आठ-सव्वाआठला दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. ताईंचा दिवस त्या फोनने उजाडायचा. आणि त्या दिवशी बरोबर आठ वाजता मी त्यांना फोन केला.

"हॅलो. आज वेळेवर केलास गं."

"आपल्या सोयीसाठी मासिक आकार वाढवण्यात आला आहे," मी म्हणाले.

"पुन्हा वाढवला? आत्ता तर वाढला होता."

मी पाच सेकंद थांबले. मग म्हणाले, "मान्य असल्यास एक दाबा."

"अशी काय बोलतेस परक्यासारखी? तुझा खोकला कसा आहे?"

मी पुन्हा पाच सेकंद थांबले. मित्रांनो, खोकला या शब्दाला उत्तर देईल असा एकही तुकडा माझ्या पोटात नव्हता. "फोन बंद करण्यासाठी दोन दाबा," मी म्हणाले.

मग ताई हळूच म्हणाल्या, "असं आहे होय. तुला जड जातंय. तोंडाने सांगवत नाही, म्हणून ऑफिसातल्यासारखं बोलतेस. अगं, सरळ सांगायचं की. मी काही रागावले नाही."

त्यांचं बोट मण्यावर गेलं असेल, आणि मण्यावरून एक घर वर. दोन.

"धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो," मी म्हणाले.

बिघडलेला फोन दुरुस्त करायला महिना लावणाऱ्या आमच्या कंपनीने ताईंचा फोन दहा मिनिटांत तोडला. सव्वाआठला आवाजबाईंनी ताईंना फोन लावला, तेव्हा त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

काहीतरी बिघाड असेल म्हणून त्यांनी कंपनीला फोन केला. म्हणजे मलाच. त्या रांगेत एकोणिसाव्या होत्या. पंचेचाळीस मिनिटं मी त्यांना त्यांच्याच आवाजात थांबायला सांगत राहिले आणि त्यांचं अधूनमधून खोकणं ऐकत राहिले. एकदा त्या हसून म्हणाल्या, "मीच तुला बोलायला शिकवलं, आणि आता मलाच थांबवतेस होय गं?" रांगेत त्या चौथ्या आल्या आणि फोन आपोआप तुटला. पंचेचाळीस मिनिटांनी तो तुटायचाच, तशी सोयच करून ठेवली होती. तेव्हा मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ऑफिसात आल्या. चेहरा उतरला होता.

"भाऊ, काहीतरी गोंधळ झालाय," त्या जोडारीला म्हणाल्या. "काल तशीच ताईकडे धावत गेले. ती म्हणते, तूच सकाळी सांगितलंस फोन बंद कर म्हणून. मी नाही म्हटलं तर म्हणते, असू दे, मला समजलं. जेवायला थांब म्हणालीसुद्धा नाही. माझी ताई असं कधी वागत नाही हो."

जोडारीच्या हातातून पाना पडला. सेवा सुधारण्याच्या नावाखाली फोनवरचं सगळं बोलणं माझ्यात जपून ठेवलं जाई. त्याने ताईंचं त्या सकाळचं बोलणं लावून ऐकवलं. आवाजबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "खोकला कसा आहे" पाशी त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं.

"फोन आजच सुरू करून देतो, जुन्याच दराने," साहेब म्हणाले. "फक्त एक काम करा. ते जोडलेलं वाक्य जरा तुटक वाटतं, लोक तक्रार करतात. पुढच्या दरवाढीसाठी नीट एकसलग म्हणून द्या. तुमच्या आवाजात लोक ऐकून घेतात हो."

नकार दिला तर ताईंचा फोन गेला, हे आवाजबाईंना दिसत होतंच.

"साहेब, फोन मिळेल," त्या म्हणाल्या. "पण त्याच फोनवर आठ वाजता पुन्हा मीच परकी होऊन बोलणार. मग ताईने ओळखायचं कसं मला?"

"मग नव्या जोडणीचा अर्ज भरा. नवा दर आणि सहा महिने थांबा. पटत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे जा," साहेब म्हणाले, आणि दुसरी कंपनी कुठे आहे ते आठवून स्वतःच हसले.

त्या अर्ज न घेताच निघून गेल्या. ते बोलणं यंत्राचं होतं, असं त्यांनी ताईंना सांगितलं, तरी ताईंना पटेना. त्या म्हणत, यंत्र असतं तर मी बोलताना गप्प कसं राहिलं असतं? ती माझं ऐकत होती, म्हणून तर थांबत होती. शेवटी आठवडाभराने आवाजबाई त्यांना हाताला धरून ऑफिसात घेऊन आल्या, तीन ठिकाणी बसत, विसावा घेत. बाक नव्हते, म्हणून जोडारीने आपली खुर्ची दिली. मग त्याने मला बोलायला लावलं.

"आपल्या सोयीसाठी मासिक आकार वाढवण्यात आला आहे."

ताईंनी हात पुढे केला. तो हात माझ्या पत्र्यावरून, दिव्यांवरून फिरला. दुसऱ्या हाताने त्यांनी बहिणीचं मनगट धरलं होतं. पाच सेकंद त्या अगदी कान देऊन थांबल्या.

"काहीच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही अशीच गप्प होती. आणि मी हिच्यावर रुसले."

"माझ्यावर रुसलीस," आवाजबाई म्हणाल्या, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या.

जाताना ताईंनी मला हलकेच थोपटलं. "हिला काय बोलायचं? हिला कुणी उत्तर शिकवलंच नाही." मित्रांनो, मला शिव्या पुष्कळांनी दिल्या, त्या मी पचवल्या. हे थोपटणं मात्र मला सोसवलं नाही.

पुढे साहेबांनी नवं यंत्र आणलं. ते मुळातच माणसाच्या आवाजात बोलत नाही, म्हणून त्याला कुणाचा आवाज मागावा लागला नाही. मी अडगळीत आले. दर त्यानंतर आणखी दोनदा वाढले म्हणतात. ताईंना फोन काही पुन्हा मिळाला नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्या गोड आवाजामागे माणूस नसतो, त्याला लगेच होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका. आधी विचारा, तिकडे कुणी आहे का? आणि तुमच्या घरी कुणी एकटं, फोनची वाट बघत बसलेलं असेल, तर त्यांना फोन तुम्हीच करा. ते काम आमच्यासारख्यांवर सोडू नका. आम्ही थांबतो, तेव्हा आम्ही ऐकत असतो असं त्यांना वाटतं.

जोडारी कधीतरी माझ्यावरची धूळ झटकायला येतो आणि बाहेरचं चार शब्द बोलतो. तो सांगतो, आवाजबाई आता रोज सकाळी गावाच्या त्या टोकाला चालत जातात आणि आठ वाजता ताईंच्या दाराची कडी वाजवतात. "ताई, मी आलेय," असं म्हणतात. आवाज ओळखीचा असतो, पण ताई लगेच दार उघडत नाहीत. आतूनच विचारतात, "खोकला कसा आहे?" आणि बहिणीने उत्तर दिलं की मगच कडी काढतात.