आठ घरांचे मळणीयंत्र

मी एक जुने मळणीयंत्र आहे. अंगावर पत्रा, पोटात पोलादी दात आणि मागे भुसा फेकणारा लांब नळा, असे माझे रूप. गव्हाची पेंढी आत घ्यायची, ओंब्या आधी आणि बुडखे नंतर. मग दाणा वेगळा आणि भुसा वेगळा करून द्यायचा, हे माझे काम. पण मित्रांनो, मला स्वतःचा जोर नाही. वाफेच्या इंजिनाच्या चाकावरून लांब पट्टा माझ्या चाकावर चढतो, तेव्हाच माझ्यात जीव येतो.

१९०९ साली दक्षिण डाकोटातल्या मेपल क्रीकच्या आठ घरांनी मिळून मला विकत घेतले. तीन घरे जर्मन, दोन नॉर्वेजियन, एक चेक, एक आयरिश आणि एक इंग्रज. इंजिन मात्र त्या इंग्रजाचे, ह्यू पेटिग्रूचे. दर ऑगस्टमध्ये चिठ्ठ्या टाकून क्रम ठरे आणि आठही घरची माणसे आठही शेतांवर राबत. ज्या घरी मळणी, त्या घरच्या बाईने सगळ्यांना जेवू घालायचे. एक रीत कधीच कुणी मोडली नाही. शिट्टी इंजिनवाल्यानेच वाजवायची, आणि शिट्टी झाल्याशिवाय ना पेंढी उचलायची, ना ताटाला हात लावायचा.

माझे फार कौतुक होई. पूर्वी जे काम आठवडाभर चाले, ते मी दिवसभरात उरकत असे. बायका म्हणत, "नवऱ्यापेक्षा हे बरं. जेवढं घालावं तेवढं परत तरी देतं!"

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. आमचा देश तटस्थ राहिला. पुढच्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने एक मोठे प्रवासी जहाज बुडवले. त्यात शंभरावर अमेरिकन माणसे गेली, आणि पेटिग्रूच्या बहिणीचा मुलगा आल्फ्रेडही गेला.

त्या ऑगस्टमध्ये सात घरांची मळणी झाली. आठवी चिठ्ठी जर्मन एमिल क्रूझची होती. त्याच्या शेतात उभ्या रचलेल्या पेंढ्या दोनदा भिजून वाळल्या होत्या. तिसऱ्यांदा भिजल्या असत्या, तर ओंबीतच कोंब फुटून वर्षाचा गहू गेला असता. पश्चिमेला ढग चढत होते. आणि नेमके तेव्हाच क्रूझच्या फाटकाशी पेटिग्रूने इंजिन थांबवले. त्याच्या मागे जोडलेला मीही थांबलो.

"ज्या घरात जर्मन बादशहाची, त्या कैसरची तसबीर आहे, त्या अंगणात माझं इंजिन जाणार नाही," तो म्हणाला.

एमिल रागाने लाल झाला. "ती तसबीर माझ्या बापानं लावलेली आहे. नाही उतरवणार. इंजिन तुझं आहे, जा घेऊन."

झाडाखाली लांब टेबलावर भाजलेले डुकराचे मांस, आंबवलेली कोबी, बटाटे असे सगळे मांडून तयार होते. बावीस माणसे भोवती नुसती उभी होती. शिट्टी झाली नव्हती ना!

"अरे ह्यू," आयरिश टिअर्नी ओरडला, "युद्ध कर, पण आधी शिट्टी मार. माझ्या पोटाने कुणाचंच जहाज बुडवलेलं नाही."

पेटिग्रू हसला नाही. "आपली माणसं बुडाली, तरी हा देश कशाची वाट बघतोय?"

"मी उद्या लढायला जाईन," टिअर्नी म्हणाला. "पण इंग्लंडच्या खांद्याला खांदा लावून? माझा आजा थडग्यातून उठून माझ्या कानाखाली वाजवेल."

चेक ह्रूबी पुटपुटला, "माझे दोन चुलतभाऊ ऑस्ट्रियानं जबरदस्तीनं जर्मनीच्या बाजूनं लढायला उभे केलेत. गोळी कुणावर झाडायची, तेवढं आधी सांगा."

आमच्या आठ घरांच्या मंडळीचा प्रमुख नेल्स ऑमोट फार सावकाश बोलणारा. "आणि सैन्य तरी कुठंय? आपल्या अख्ख्या तालुक्यात मला एकच शिपाई माहीत आहे. तो बँडमध्ये तुतारी वाजवतो." मग तो म्हणाला, "ह्यू, हा देश म्हणजे अशीच लाखो घरं. एक घर रुसलं की मळणी कशी अडते, ते तू आत्ता दाखवतोच आहेस."

"याला भित्रेपणा म्हणतात, नेल्स."

तेवढ्यात एमिलची बायको ओटिली एप्रनला हात पुसत फाटकापर्यंत आली.

"मिस्टर पेटिग्रू, आल्फ्रेडसाठी मी प्रार्थना केली. तुम्हाला सांगायला यायचं धाडस झालं नाही, ती माझी चूक."

पेटिग्रू म्हणाला, "उद्या हा देश तुमच्या देशावर चालून गेला, तर?"

"माझा देश हाच आहे," ओटिली म्हणाली. "तो गेला तर माझा वॉल्टर जाईल. मी अडवणार नाही. पलीकडच्या जर्मन खंदकात त्याचा सख्खा काका आहे. म्हणून म्हणते, देशानं जायचंच असेल तर नीट विचार करून जावं. तेवढी उसंत एका आईला नको का?"

पेटिग्रूने टोपी काढली, कपाळ पुसले, आणि दोरी ओढली. मित्रांनो, ती शिट्टी तीन मैलांवर ऐकू गेली म्हणतात! टिअर्नी पहिला बटाट्यांवर तुटून पडला.

मग जे झाले, तसे मी पुन्हा कधी अनुभवले नाही. जेवण होताच पट्टा चढला आणि पेंढ्या इतक्या वेगाने आल्या, की माझे दात क्षणभरही रिकामे राहिले नाहीत. वीज कडाडली, वारा भुसा उलटा उडवू लागला, तरी पेटिग्रू इंजिनात कोळसा लोटतच राहिला. शेवटचे पोते एमिल आणि पेटिग्रू यांनी दोन टोकांना धरून कोठारात नेले, आणि मग पाऊस कोसळला. एक दाणा भिजला नाही!

देश युद्धात उतरायला १९१७ चा एप्रिल उजाडला. वॉल्टर क्रूझ आणि पेटिग्रूचा मुलगा एकाच गाडीने गेले. त्या उन्हाळ्यात शहरातून चार माणसे आली आणि नेल्सला म्हणाली, "तिन्ही जर्मन घरं मंडळीतून काढा."

नेल्स नेहमीप्रमाणे विचार करू लागला. पण त्याच्या आधी पेटिग्रूच पुढे आला. "यातल्या एका घरचा पोरगा आपल्या सैन्यात आहे. मळणी आठ घरांची आहे. पाच घरांसाठी माझं इंजिन तापत नाही."

ती माणसे आल्या वाटेने परत गेली. दोन वर्षांनी दोन्ही मुले सुखरूप परतली आणि दोघांनी शेजारी उभे राहून माझ्या तोंडात पेंढ्या टाकल्या.

आता माझ्या दातांवर गंज आहे, नळ्यात चिमण्यांची घरटी आहेत. तरी एक गोष्ट सांगतो, ती यंत्राची आहे आणि खरी आहे. पट्टा उतरवला तरी माझे आतले जड चाक लगेच थांबत नाही. बराच वेळ फिरतच राहते, आणि तेव्हा हात आत गेला तर तो तुटतोच. म्हणून मित्रांनो, मोठे चाक फिरवण्याआधी सावकाश सगळीकडे बघणाऱ्याला भित्रा म्हणू नका. कुणाचे हात आत आहेत, ते तो मोजत असतो.