तिरपं बघणं

विजयमालाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि त्या गच्चीवरच्या स्टुलावर चढल्या.

"दुर्बिणीच्या काचेला पीठ लागंल," भागवतराव म्हणाले.

"लागू द्या. तेवढ्याच चांदण्या वाढतील."

दुर्बीण दोघांपेक्षा उंच होती. तिच्यातला परातीएवढा आरसा भागवतरावांनी निवृत्तीनंतर स्वतः घासला होता. ती जाडजूड नळी गच्चीवर जुन्या पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहिली तेव्हा गावाने नवी टाकी समजून किती लिटरची, एवढंच विचारलं.

पौषातली अमावास्या. खालून कांद्याच्या ओल्या वाफ्यांचा वास येत होता आणि पूर्वेला सुप्याच्या कारखान्यांचा उजेड दुधावरच्या सायीसारखा पसरला होता. त्याच्या वर, मिथुन राशीत, एक फिकट तारकागुच्छ. गेल्या वर्षी भागवतरावांना तो दिसला होता, यंदा दिसत नव्हता. दोष उजेडाचा, हे त्यांनी गावभर सांगून टाकलं होतं. बायको मात्र डोळे दाखवा म्हणून मागे लागली होती. म्हणून आज तिलाच साक्षीला वर आणलं. तिलाही दिसला नाही की विषय मिटला.

"सरळ बघू नको. शेजारी बघ, अन् ध्यान त्याच्यावर ठेव. फिकट वस्तू तशीच दिसती."

"सासूबाई वट्यावर बसायच्या तवा मी तुमच्याकडं बघायचे, तसं?"

तेव्हा ती ओट्याजवळच्या रांजणाकडे बघते, असंच भागवतरावांना आजवर वाटत होतं.

बाईंची मान किंचित तिरपी झाली.

"दिसलं काही?"

"न्हाई," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "लई उजेड हाय मेल्यांचा."

साक्ष त्यांच्या बाजूने पडली. भागवतराव अंधारात थोडा वेळ विजयी उभे राहिले.

"मग उतर."

"उतरते की."

उतरल्या नाहीत. मधूनमधून नळी बोटभर वर ढकलत राहिल्या. तारे सरकतात, तशी ती ढकलावीच लागते. पण रिकाम्या आभाळाच्या मागे कोणी असं जात नाही.

"उद्या नगरला जाऊ," भागवतराव म्हणाले. "डोळे दाखवायला."

"उजेडच हाय म्हनलं ना."

"व्हय. तरी जाऊ."

"जाऊ. आता जरा गप ऱ्हावा."

भागवतरावांनी स्टूल घट्ट धरलं आणि ते तिच्या शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले.