काठावरचे बूट

ताई सायकलवरून घरोघर औषधं पोचवायची. पाय कोरडे राहावेत म्हणून तिने सायकल दुरुस्तीवाल्याकडून सायकलिंगचे जुने बूट घेतले. पहिल्याच दिवशी ते आतून ओलेचिंब झाले, आणि त्या दिवशी तर पाऊसच नव्हता.

"घाम असेल," धाकटी बहीण म्हणाली. तिने बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते पंख्यासमोर ठेवले. सकाळी बोळ्यांचा लगदा झाला होता. त्यावर पायाची बोटं स्पष्ट उमटली होती.

दोघी तडक दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. "काका, हे कुणाचे होते?"

त्याने नजर चुकवली. "कालव्यात बुडालेल्या एका पोराचे. बूट काठावर सापडले, तो काही सापडला नाही. त्याच्या आईने मला देऊन टाकले."

"मग त्याचे त्याला देऊ," ताई म्हणाली.

भर दुपारी त्यांनी बूट कालव्याच्या काठावर ठेवले. बघता बघता ते कोरडेठाक झाले.

"आता न्यायचे का परत?" ताईने हळूच विचारलं. चांगल्या वस्तूत तिचा जीव अडकायचा.

"ने की! त्यालाही जेवायला बोलाव!" धाकटी फणकारली.

ताईला हसू आलं. धाकटीला मागे बसवून ती सायकलवरून निघाली. पुलावरून तिने एकदा मागे पाहिलं. बुटांचे सैल पट्टे कुणीतरी घट्ट आवळले होते, आणि बूट आता पाण्याच्या आणखी जवळ होते.

"मागे वळून बघू नकोस," ती धाकटीला म्हणाली आणि जोरात पायडल मारू लागली.