संचालकांच्या खोलीतलं धोक्याचं झाड

नाताळ उलटून कितीतरी महिने झाले, तरी संचालक हिएरोनिम वाल्चिक यांच्या खोलीत सजवलेलं झाड उभंच होतं. पोलंडमधल्या श्क्लानुव गावातला त्यांचा कारखाना नाताळच्या झाडांसाठी काचेचे रंगीत गोळे करायचा, त्यामुळे झाडाचं कुणाला नवल वाटत नसे. पण हे झाड कंपनीच्या जोखीम समितीचं होतं. कंपनीवर येऊ शकणाऱ्या प्रत्येक संकटाचा त्यावर एक गोळा होता. एक गॅस महागण्याचा, एक कर्जाचं व्याज वाढण्याचा, एक युरो घसरण्याचा. संकट लांब असलं की गोळा हिरवा, जवळ आलं की पिवळा, दारात येऊन ठेपलं की लाल. दर गुरुवारी समिती जमायची, गुलाबाच्या मुरांब्याचे डोनट खायची, झाडाकडे बघायची आणि उठायची.

हिशेबखात्याच्या प्रमुख लुडविकाबाई स्किबा यांना डोनट गोड लागत नव्हते. गोष्ट अगदी सरळ होती. फेब्रुवारीत जर्मन व्यापाऱ्यांशी मालाचा भाव ठरे, तो युरोत. पैसे येत नोव्हेंबरात. मधल्या काळातले पगार, गॅस, रंग सगळं झ्लॉटीत, म्हणजे पोलंडच्या चलनात. तेवढ्यात युरो उतरला, तर माल तितकाच जायचा आणि हातात झ्लॉटी मात्र कमी पडायचे. गेल्या वर्षी असंच झालं आणि रंगकाम करणाऱ्या बायकांचा नाताळचा बोनस बुडाला. यंदा तो मिळवून देईन, असा शब्द लुडविकाबाईंनी त्यांना दिला होता. उपायही होता. पुढे येणाऱ्या युरोचा भाव बँकेकडून आजच बांधून घ्यायचा. त्याला हवी होती फक्त साहेबांची सही.

"आज भाव बांधला आणि उद्या युरो चढला तर?" वाल्चिकसाहेब म्हणाले. "सगळं गाव म्हणेल, वाल्चिक गाढव आहे."

"आणि उतरला तर?"

"तर ते जगाचं दुर्दैव. त्यात माझा काय दोष?"

"साहेब, घराचा विमा उतरवता ना तुम्ही? घर जळलं नाही म्हणून हप्त्यासाठी रडता का?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "थोडं वाईट वाटतंच," ते म्हणाले.

मे महिन्यात युरो घसरू लागला. लुडविकाबाईंनी त्याचा गोळा काढून लाल लावला. साहेबांनी तो दारातूनच पाहिला.

"हे काय? पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत आणि इथे लालभडक! पडद्यांना तरी शोभतंय का?"

"पडद्यांना नाही, बाजाराला शोभतंय."

"हिरवा करा."

"म्हणजे सही करताय?"

"म्हणजे रंगवा."

गोळा रंगशाळेत गेला. तिथल्या स्टेफानियाबाईंची जीभ त्यांच्या कुंचल्याहून टोकदार. "अगं लुडविका, लालावर हिरवा चढवला तर शेणाचा रंग येईल."

"येऊ दे. साहेबांना लाल दिसायला नको, एवढंच."

"आमच्या बोनसलाही असाच रंग लावणार वाटतं!"

लुडविकाबाईंनी गोळा उचलला आणि त्या जिना चढल्या. हिरव्याखालून लाल डोकावत होता आणि गोळा तांबूस-तपकिरी दिसत होता. समितीने तो पाहिला, 'संयमित हिरवा' असं त्याचं नाव ठरवलं आणि डोनट मागवले.

ठरल्याप्रमाणे हॅम्बुर्गचे मोठे व्यापारी क्रेमर आले. नमुन्यांचे खोके उघडून ठेवले होते, पण त्यांची नजर खिळली झाडावर.

"हा रंग कुठला? जुन्या घरातल्या लाकडासारखा. आमच्याकडे यंदा लोकांना असंच काहीतरी जुनं हवंय. या रंगाचा मोठा माल घेईन मी!"

साहेब फुलले. "आमच्या समितीने खास विचार करून काढलाय."

"भाव युरोत. पैसे नोव्हेंबरात, नेहमीसारखे."

"अर्थात!" साहेब म्हणाले. लुडविकाबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. ऑर्डर मोठी म्हणजे घसरणाऱ्या युरोवरची कंपनीची भिस्तही तेवढीच मोठी.

"फक्त एक विचारतो," क्रेमर म्हणाले. "गेल्या वर्षी आमचा एक पुरवठादार ऐन हंगामात बुडाला. युरो उतरला आणि त्याच्याकडे कामगारांना द्यायला पैसे नाहीत. दुकानं रिकामी राहिली आमची. तुम्ही भाव बांधून ठेवता ना?"

साहेबांनी झाडाकडे पाहिलं. झाडाने काही सुचवलं नाही.

"म्हणजे काय! आमचं धोरणच आहे ते," साहेब म्हणाले. "लुडविकाबाई, तो बँकेचा कागद आणा बरं. अजून कसा आणला नाहीत? किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"चुकलं माझं, साहेब," लुडविकाबाई म्हणाल्या आणि फायलीत महिनोन् महिने पडून असलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. नव्या ऑर्डरचा आकडाही त्यांनी तिथेच घातला. जेवढे युरो येणार तेवढेच, एकही जास्त नाही. क्रेमरसाहेबांच्या देखत सही झाली. ती फार झोकदार होती.

सप्टेंबरात युरो पुन्हा चढला. बांधलेल्या भावाच्याही वर गेला. साहेबांना जेवण गोड लागेना.

"बघा! बांधला नसता तर केवढे मिळाले असते! तुम्ही बुडवलंत मला."

"बोनस पुरतो ना, साहेब?"

"पुरतो हो! पण जे मिळालं नाही, त्याचं काय?"

नोव्हेंबरात पैसे आले, ठरल्या भावानेच. रंगशाळेत पाकिटं वाटली गेली. स्टेफानियाबाईंनी आपलं पाकीट हातावर तोललं. "शेणाचा रंग बरा लागला म्हणायचा," त्या म्हणाल्या. लुडविकाबाईंना हसू आवरलं नाही.

त्या गुरुवारी जोखीम समिती जमली. युरोमुळे कंपनीचं भयंकर नुकसान झाल्याचं एकमताने ठरलं. साहेबांनी स्वतः खुर्चीवर चढून झाडावरचा तपकिरी गोळा काढला आणि त्या जागी कारखान्यातला सर्वात मोठा लाल गोळा टांगला.

लुडविकाबाईंनी त्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरा डोनट घेतला.