जागेवरून हलायचं नाही

"ताई, निघ तू. आहेस तशी निघ."

धाकट्या भावाचा आवाज फोनवर एवढा हळू कधी येत नसे. एरवी तो फोनवर असा ओरडायचा की फोनची गरजच काय, असं वाटावं. मावशीने एका हातात समोर बसलेल्या हरवलेल्या मुलीचा काढलेला बूट धरला होता, दुसऱ्या हाताने फोन कानाशी दाबला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आता काय म्हणणार? आई सारखं तेच विचारतेय, 'ती आली का?' दार वाजलं की, 'ती आली का?' नर्स आली तरी तेच. ताई, तू ये गं."

"आलेच," मावशी म्हणाली. तिने खिडकीतून बाहेर बघितलं.

बाहेर रांग होती. डोंगरावरच्या त्या थीम पार्कातला संध्याकाळचा शो नुकताच संपला होता आणि सगळं जग एकाच वेळी खाली निघालं होतं. खाली जायला वाट एकच, नवा गोंडोला, म्हणजे दोरावरून सरकणाऱ्या बंद डब्यांचा रोपवे. पूर्वी बसगाड्या होत्या. खडखडायच्या, धूर ओकायच्या, पण होत्या. गोंडोला आला आणि त्या बंद झाल्या, रस्ताही उकरून ठेवला. तासाला किती हजार माणसं नेणार ते उद्घाटनाला सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. नेतही असेल बापडा, कागदावर. कागदावरची माणसं आठ-आठच्या गठ्ठ्याने टपाटप चढतात. खरी माणसं पाचजण असली की सहावा परका नको म्हणतात. त्यांची बाबागाडी घडी होत नाही, आजोबांचा पाय उचलत नाही, आणि एकाचा पाय अडला की दोरावरचे सगळे डबे जिथल्या तिथे लटकतात. सकाळी लोक येतात ते आपापल्या सवडीने. जायचं मात्र सगळ्यांना एकदम असतं.

गोंडोलाच्या दारावर पाटी होती : 'प्रतीक्षा वेळ पंचवीस मिनिटे'. लावली त्या दिवसापासून ती एकदाही खरी ठरली नव्हती. आज रांग कारंज्याला वळसा घालून पार स्वच्छतागृहांच्या मागे गेली होती, म्हणजे दोन तास तरी कुठे गेले नाहीत. त्यात कर्मचाऱ्यांनी शेवटच्या पाहुण्यानंतर उतरायचं, असा नियम.

मावशीचं काम हरवलेल्या मुलांच्या खोलीत. मुलांचे आईबाप येईपर्यंत त्यांना सांभाळायचं, नाक पुसायचं, रंगीत खडू द्यायचे. गोंडोला आल्यापासून तिचं काम वाढलं होतं. दारावरचा दादा "आठ! आठ!" करत माणसं आत लोटायचा, दार बंद व्हायचं, आणि आईला वाटायचं पोरगं बापाकडे, बापाला वाटायचं आईकडे. आजची ही चार वर्षांची मुलगी तशीच राहिली होती. तिची आई खाली पोचली होती आणि परत वर यायला निघणार होती.

आणि मावशीची आई खाली, इस्पितळात होती. सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. मावशी रजा टाकायला निघाली तर म्हातारीनेच हात झटकला. "जा गं बाई. इथे बसून माझं तोंड काय बघतेस? तिकडे कुणाचं तरी पोर रडत असेल." आणि ही गेली! का गेली? एक दिवस नसती आली तर काय पार्क बंद पडणार होता? मावशीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने वॉकीटॉकी उचलली. "मॅडम, माझी आई सीरियस आहे. मला सोडा ना खाली. या मुलीला घेऊनच जाते."

"अहो मावशी, मुलीची आई खालून निघतेय," मॅडमचा आवाज खरखरत आला. मॅडम वाईट नव्हत्या, दिवसभर शिव्या खाऊन त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. "तुम्ही खाली आणि ती वर, असं झालं तर? ती बाई वेडी होईल. पोरीला तिच्या ताब्यात द्या, मग बघू."

"दुसरं कुणी बसेल का हिच्याजवळ?"

"कोण बसणार? सगळे रांगेवर आहेत. काल हाणामारी झाली, माहितीये ना? पाच मिनिटं दम धरा."

मावशीने पाच मिनिटं दम धरला. नंतरची पाच धरवेना. मुलीने पुन्हा एक बूट काढून फेकला होता. हा तिचा खेळच होता : बूट काढायचा, फेकायचा आणि मावशीने आणला की हसायचं. एरवी मावशी दिवसभर खेळली असती. आता तिने बूट उचलून मुलीच्या हातात कोंबला, मुलीला काखोटीला मारलं आणि सरळ बाहेर पडली.

"कुठे जायचं?" मुलीने विचारलं.

"आईकडे," मावशी म्हणाली. कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही.

हरवलेलं मूल घेऊन जाणाऱ्याला रांग नसते. लोक बाजूला झाले. काहींनी "अरेरे, सापडली वाटतं," म्हणून मुलीच्या गालाला हात लावला. दारावरच्या दादाने मावशीला बघून साखळी उघडली. समोर एक डबा दार उघडून हळूहळू सरकत होता. मावशीने एक पाय आत ठेवला.

"पण तू म्हणालीस हलायचं नाही," मुलगी म्हणाली.

खरं होतं. खोलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला मावशी हेच सांगायची. हरवलं की जागेवरून हलायचं नाही. आपण हललो की आईला सापडत नाही.

समोरच्या बाजूने वर येणारे, बहुतेक रिकामेच डबे एकेक करून आत शिरत होते. यातल्या कुठल्यातरी डब्यात त्या पोरीची आई काचेला नाक लावून बसलेली असणार. मावशीने मनातल्या मनात त्या बाईला हजार शिव्या घातल्या. सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला पोरं? तेवढ्यात डब्याचं दार मिटायला लागलं. मावशीने पाय मागे घेतला आणि डबा रिकामाच निघून गेला.

"अहो, काय चाललंय काय!" रांगेतून एकजण ओरडला. "आठ जागा वाया घालवल्या!"

"मावशी?" दादा जवळ आला. "काय झालं?"

"माझी आई चाललीय रे," मावशी म्हणाली आणि तिथेच, सगळ्यांसमोर रडली. मुलीने हातातला बूट तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखा आपटला.

मुलीची आई अजून चार डबे जाऊन पाचव्यातून आली. अर्धवट धावत, केस सुटलेले, तोंडाने नुसतं "सोनू, सोनू" चाललेलं. मुलीला तिने एवढं घट्ट आवळलं की मुलगी ओरडली. पण मुलीने मावशीचं बोट सोडलं नव्हतं.

"ही पण," मुलगी म्हणाली. "हिला पण आई पाहिजे."

दादाने मॅडमना विचारलं नाही. "बसा मावशी. वरून बोलणी बसली तर मी खाईन." त्याने तिघींना आत घातलं आणि त्यांच्यामागे रांगेतले पाचजण. डबा एकदा हिसका देऊन कड्याबाहेर निघाला. खाली गावातले दिवे लागले होते. नदीपलीकडे चौकोनी, पांढरं, सगळ्या खिडक्या उजळलेलं इस्पितळ ओळखू येत होतं. मावशी काचेला चिकटून बसली. चल बाबा, ती म्हणत होती. चल, चल, चल.

निम्म्या वाटेवर डबा थांबला.

"घ्या!" एक गृहस्थ म्हणाले. "अडकली असेल खाली कुणाचीतरी बाबागाडी."

डबा वाऱ्यावर हलका झुलत होता. मावशी उठली, बसली, पुन्हा उठली. दाराच्या फटीत तिने बोटं घातली, जणू ते उघडून ती चालत जाणार होती. मुलीच्या आईने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. तेव्हा फोन वाजला.

"ताई, कुठे आहेस?"

"मध्येच. लटकलेय रे. दिसतंय मला इस्पितळ, इथून दिसतंय!"

भाऊ म्हणाला, "फोन तिच्या कानाशी धरतो. बोल तू."

पलीकडे श्वास होता, खरवडल्यासारखा. त्याच्या आडून बारीक आवाज आला. "...आली का?"

मावशीने डोळे पुसले. खोलीत रडणाऱ्या पोरांशी ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज तिने कुठून तरी काढला.

"आले गं. आले मी, दारातच आहे. चपला काढतेय. तू आता डोळे मीट बघू. मिटलेस? शहाणी माझी बाय ती. मी आहे इथे, कुठ्ठे जात नाही. आणि तूही जागेवरून हलायचं नाही, कळलं?"

ती बोलतच राहिली. काय काय बोलली, तिला नंतर आठवलं नाही. मुलगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. किती वेळाने कोण जाणे, फोनवर पुन्हा भावाचा आवाज आला.

"ताई," तो म्हणाला, "सावकाश ये आता."

डबा हलला आणि खाली निघाला. मुलीच्या आईने मावशीचा हात हातात घेतला. मावशीने फोन पिशवीत टाकला आणि पिशवीचा बंद नीट बांधला.

खालच्या स्टेशनात दार उघडलं तसा तिथला माणूस ओरडायला लागला, "चला, उतरा पटापट! पटापट! मागे गर्दी आहे!" पाचजण मान खाली घालून भराभरा उतरले. मुलीची आई मुलीला कडेवर घेऊन उतरली. मुलीचा एक पाय उघडाच होता.

"थांबा," मावशी म्हणाली.

तिने बाकाखालून बूट काढला, उतरून फलाटावर गुडघे टेकले. मुलीचा तळवा गार पडला होता. तिने तो दोन्ही हातांत धरून जरा चोळला, मग बूट चढवला. मागचे डबे एकामागून एक येऊन दार उघडत होते, माणसं दोन्ही बाजूंनी धक्के देत चालली होती, तो माणूस "ओ मावशी, व्हा ना पुढे!" म्हणून ओरडत होता. मावशीने बुटाचा पट्टा कडीतून घातला, ओढून पाहिला, सैल वाटला म्हणून काढला, आणि पुन्हा नीट लावला.